रेडिओवरची डॉक्टरीण द्वारकाआक्का

माझी थोरली जाऊ द्वारकाबाई पाच वर्षं डॉक्टर होती. दर गुरुवारी, संध्याकाळी सात ते साडेसात. बाकीच्या वेळी ती मेथीच्या जुड्या बांधायची, म्हशीची धार काढायची आणि माझ्या भाकरीला नावं ठेवायची. मी तिला आक्का म्हणत असे.

भवानीनगरच्या साखर कारखान्यापासून कोसभर पुढं, कालव्याच्या काठाला आमची वस्ती. आजूबाजूला सगळ्यांनी ऊस लावला होता, पण सासरे आप्पासाहेब हट्टाला पेटून माळवंच, म्हणजे भाजीपालाच, करायचे. ऊस वर्षातून एकदा बोलतो, माळवं रोज बोलतं, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः मात्र फारसं बोलत नसत. घरात बोलायला आक्का होती. तिचा आवाज पाटाच्या या टोकावरून त्या टोकाला जायचा आणि तरी कानाला टोचायचा नाही. मी तिला पुष्कळ नावं ठेवली असतील, पण आवाजाला कधी ठेवता आली नाहीत.

चोपन्न साली बारामतीत शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. आम्ही दोघी वांगी आणि मेथी घेऊन बसलो होतो. पुण्याच्या रेडिओवरचे एक साहेब आले आणि प्रत्येक वांगं दाबून दाबून बघायला लागले. घेण्याचं नाव नाही. आक्का म्हणाली, "सायेब, वांगं हाय ते, नाडी न्हाय. घेनार आसाल तर दाबा." साहेब ओशाळले. मग म्हणाले, "पुन्हा बोला बघू." आक्काला वाटलं, भांडण वाढवतोय. तीही वाढवायला तयारच होती.

हे खांबेटेसाहेब. खेड्यातल्या लोकांसाठी ते दर आठवड्याला 'पिंपळवाडीचा दवाखाना' नावाची श्रुतिका करायचे. शहरात शिकलेली डॉक्टर सुमती एका गावात येऊन राहते, दर आठवड्याला नवा रोगी येतो, गावकरी तिचं ऐकत नाहीत आणि शेवटी ऐकतात, एवढीच गोष्ट. खांबेटेसाहेबांनी आक्काला त्यात खाष्ट सासूचं काम दिलं. माझ्या मते त्यात तिला वेगळं काही करावं लागलं नाही.

आता खरी अडचण सांगते. आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी सातवी पास होऊन इंदापूरहून या घरात आले. माझ्याकडून ती सही तेवढी शिकली होती, तीही रांगोळी काढावी तशी, ठिपका ठिपका मनात धरून. श्रुतिकेचे कागद टपालानं यायचे. आम्ही दोघी जुड्या बांधत बसायचो. मी एक वाक्य वाचायचे, ती एक जुडी बांधायची. जुडी बांधून होईपर्यंत वाक्य पाठ. शंभर जुड्या झाल्या की श्रुतिका झाली. मग मी प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावून ठेवायचे, म्हणजे माईकपुढं कागद सरळ धरला जाईल.

सासूच्या कामाला चारच वाक्यं असत, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. पण तीन महिन्यांनी डॉक्टर सुमतीचं काम करणाऱ्या बाईंचं लग्न ठरलं. त्यांची शेवटची तालीम चालू असताना खांबेटेसाहेब सहज आक्काला म्हणाले, "तुम्ही वाचून बघता का हे पान?" आक्कानं ते पान त्या बाईंच्या तोंडून नुकतंच एकदा ऐकलं होतं. तिनं कागद हातात धरला आणि सबंध पान शुद्ध बोलीत म्हणून दाखवलं. खांबेटेसाहेब खूश झाले. खोटं कुणी बोललं नाही. वाचता येतं का, हे कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून आक्का डॉक्टर झाली. घरी 'हाय' आणि 'न्हाय', माईकपुढं 'आहे' आणि 'नाही'. चावडीवर पंचायतीचा रेडिओ होता. गुरुवारी संध्याकाळी आप्पा फेटा बांधून तिथं जाऊन बसायचे. एरवी ते सुनेच्या हातचा चहा मान वर न करता घेत, पण रेडिओवर डॉक्टर सुमती बोलायला लागली की फेटा सारखा करत. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की ही अंगठेबहाद्दर आहे. तरी दुसऱ्या दिवशी तीच माणसं पोटदुखी घेऊन दारात यायची. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला वाचायची काय गरज, असा एकूण सूर होता.

पुण्याला मी बरोबर जायचे. गुरुवार बारामतीच्या बाजाराचा दिवस. पहाटे माळव्याच्या गाडीतून जोतीरामभावजी, म्हणजे आक्काचे मालक, आम्हाला बारामतीत सोडायचे. तिथून दौंडपर्यंत छोटी गाडी, दौंडला गाडी बदलून पुणं. रात्री माझ्या मावशीकडं मुक्काम, शुक्रवारी परत. बारामती स्टेशनावर आक्का नुसती पाण्याचा तांब्या मागायला बोलली तरी चार माना वळायच्या. चेहरा कुणी पाहिला नव्हता, आवाज सगळ्यांच्या घरचा होता. हळूहळू गुरुवारच्या गाडीला खिडकीशी बाया जमायला लागल्या. कुणाचं मूल, कुणाचा खोकला, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले.

आक्काला याची भीती वाटायची असं मी म्हणणार नाही. तिला ते आवडायचं. पण एक शहाणपण तिच्याजवळ होतं. डॉक्टर सुमती जे श्रुतिकेत बोलली असेल, तेवढंच सांगायचं. पाणी उकळून प्या. नाळ कापायचं पातं उकळून घ्या. बाळंतिणीला उपाशी ठेवू नका. कुणी दवाखान्याची चिठ्ठी पुढं केली तर ती माझ्याकडं द्यायची, मी तिच्या कानाशी वाचायचे आणि ती मोठ्यानं सांगायची. आम्ही दोघी मिळून एक डॉक्टर होतो.

एकोणसाठ सालच्या थंडीतला तो गुरुवार. गाडी सुटायला थोडा वेळ होता. मी तांब्या घेऊन फलाटाच्या टोकाच्या नळावर गेले. नळाला बारीक धार आणि पुढं सहा माणसं. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मी अर्धा तांब्या घेऊनच पळत आले आणि डब्यात चढले. गाडी हलली. आक्का खिडकीशी समाधानानं बसली होती. हातात एक घडी घातलेली चिठ्ठी.

"कुणाची गं ही?" मी विचारलं.

"एक बाई आली व्हती. पोरगी हाय दोन-अडीच वर्साची, छाती भरलीया. मालकानं दवाखान्यातनं दोन बाटल्या आनल्यात. एक पाजायची, एक छातीला चोळायची. पर कंची कशाला, ते मालक वाटंतच इसरला. मी सांगितलं, लाल पाजा, पांढरी चोळा. चिठ्ठी माझ्याच हातात ऱ्हायली बघ."

"लाल कशावरनं?"

"दवाखान्यातली पेयाची दवा लालच तर आसती. आपल्या आप्पांची न्हवती का?"

मी चिठ्ठी उलगडली. कंपाउंडरचं अक्षर चांगलं होतं, तेच वाईट झालं. लाल बाटली छातीला चोळणे, विषारी आहे, पोटात घेऊ नये. पांढरी बाटली एक चमचा, दिवसातून तीनदा. मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. आक्का ऐकत होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"गाव कुठलं तिचं?"

"न्हाय इचारलं."

"नाव?"

"न्हाय इचारलं, लीला. नाव कोन इचारतंय खिडकीतनं? ती म्हनली, गावात मास्तर हाय वाचायला, पर तुमी गावल्यावर मास्तर कशाला. मला बरं वाटलं ते आईकून."

पुढच्या स्टेशनात आक्का उतरायलाच निघाली. मी तिचा पदर धरला. परतीची गाडी थेट संध्याकाळी होती, आणि बारामतीच्या बाजारात हजार बायकांतून एकीला कसं हुडकणार? मी स्टेशनमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी बारामतीला तार केली, पण म्हणाले, "लाल बाटलीवाली बाई, एवढ्यावर कोण सापडणार, बाई?" तेही खरंच होतं. गाडीत परत बसल्यावर आक्काला आणखी एक आठवलं. त्या बाईनं सांगितलं होतं, संध्याकाळी चावडीवर तुमचं बोलणं ऐकीन आणि मगच पहिला डोस पाजीन, म्हणजे गुण येईल.

एवढाच एक धागा हातात होता. सातला श्रुतिका सुरू होणार. साडेसातनंतर ती बाई घरी जाऊन लाल बाटलीचं बूच काढणार.

मी म्हटलं, "खांबेटेसाहेबांना सांगू, चिठ्ठी चुकून उलटी वाचली. ते निवेदकाला सांगायला लावतील. तुझं नाव पण यायचं नाही."

"निवेदक बोलतो तवा चावडीवर समदी तंबाखू मळत आसत्यात. माझाच आवाज पायजे."

"मग तू सांग, चुकून वाचली म्हणून."

दौंड आलं, गाडी बदलली. मग आक्का म्हणाली, "ह्यी एकच न्हाय, लीला. तू जवळ नसताना बाकीच्यांनी बी चिठ्ठ्या दाखवल्यात. म्या कागदाकडं बघून सुमतीचं कायबाय सांगून दिलंय. धा-अकरा जनी तरी आसत्याल. एक म्हातारा बी हाय. चुकून वाचलं म्हनलं, तर ते काय करत्याल? त्यांना वाटंल, आपलं बराबर हाय."

मला तिचा भयंकर राग आला. पाच वर्षं मी तिच्या कानाशी कुजबुजले, हळदीची बोटं लावली, आणि माझ्या पाठीमागं हिनं हे केलं. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "बोल. आजून बोल." पण तोवर मला कळलं होतं ती काय करणार आहे, आणि त्यानंतर आम्हा दोघींना गुरुवार उरणार नव्हता. तिच्याइतकाच तो माझाही होता. लग्न झाल्यापासून मला घराबाहेर पडायला मिळायचं ते त्या गाडीतच.

रेडिओवर नियम कडक असे. कागदावर नाही असा एक शब्द बोलायचा नाही. म्हणून आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. मी नेहमीप्रमाणं स्टुडिओच्या काचेच्या अलीकडं खांबेटेसाहेबांच्या मागं स्टुलावर बसले. पलीकडं माईकभोवती चार कलाकार कागद घेऊन उभे होते. लाल दिवा लागला, संगीत वाजलं, निवेदकानं नाव सांगितलं. पहिलं वाक्य डॉक्टर सुमतीचं होतं. आक्कानं कागद खाली, पायाशी ठेवला.

"बायांनू, मी डॉक्टर न्हाय," ती म्हणाली. "माझं नाव द्वारकाबाई. माळवं करनारी बाई हाय. मला वाचता येत न्हाय. आज सकाळी बारामतीच्या गाडीपाशी एका बाईनं मला दोन बाटल्या दाखवल्या. बाई, तुझी चिठ्ठी माझ्यापाशी हाय. लाल बाटली पोरीला पाजू नगं. ती इखारी हाय. ती चोळायची हाय. पांढरी पाजायची. म्या चुकीचं सांगितलं. आन् आजवर ज्यांनी ज्यांनी मला चिठ्ठी दाखवली, त्यांनी ती मास्तरकडनं वाचून घ्या. म्या नुसतं कागदाकडं बघत व्हते."

खांबेटेसाहेबांचा हात माईक बंद करायच्या खटक्यावर गेला होता. मी तो हात बघत होते. तो तिथंच राहिला, खटका काही दाबला गेला नाही. आक्कानं पदरानं तोंड पुसलं, एक श्वास घेतला आणि शुद्ध बोलीत म्हणाली, "या, आत या. केव्हापासून ताप आहे?" तिथून साडेसातपर्यंत तिनं सबंध भाग कागद न उचलता, एक शब्द न चुकता म्हटला.

बाहेर आल्यावर खांबेटेसाहेबांनी विचारलं, "पाच वर्षं?"

"व्हय."

"पाच वर्षांत तुम्ही एक ओळ चुकला नाहीत, द्वारकाबाई."

"आज सकाळी चुकले, सायेब."

माणूस चांगला होता. पण त्यांच्यावरही साहेब होते आणि त्या साहेबांवर आणखी कुणी. चारच दिवसांत पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते आणि यापुढं येण्याची तसदी घेऊ नये असं लिहिलं होतं. पुढच्या गुरुवारी डॉक्टर सुमती रेडिओवर होतीच, फक्त पुण्यातल्या एका शिकलेल्या बाईंच्या आवाजात. पहिल्या दोन वाक्यांनंतर आप्पा उठले. "ह्यी आमची सून न्हाय," एवढंच म्हणाले आणि फेटा सोडत घराकडं गेले. आक्का शेवटपर्यंत बसली. वाटेत म्हणाली, "बरी बोलती." मला मात्र त्या नव्या बाईंचा राग आला होता.

गावात हसणारे हसले. जुन्या चिठ्ठ्या घेऊन लोक वस्तीवर यायला लागले आणि आता त्या मी उघड उघड वाचायला लागले. झुंबर नावाचा एक म्हातारा खोकल्याचं औषध वर्षभर गुडघ्याला चोळत होता. खरं काय ते कळल्यावर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, गुण येतुया." बाकी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण ती दोन बाटल्यांची बाई आली नाही. तिच्याकडून पत्र नाही, निरोप नाही. तिनं ऐकलं की नाही? तिच्या चावडीवरचा रेडिओ त्या दिवशी बंद असला तर? बैलगाडीला उशीर झाला असला तर?

आक्का घरात वावरायची, पण जेवताना हात थांबायचा. मेथीच्या जुड्या सैल बांधायला लागली. भावजी म्हणाले, सोड आता तो नाद. तिनं ऐकलं नाही. रेडिओचं काम गेलं, तरी गुरुवारी ती माळव्याच्या गाडीत बसायची आणि मला शेजारी बसवायची. गाडीच्या वेळेला आम्ही स्टेशनात जाऊन उभ्या राहायचो. आक्का फलाटावर येणाऱ्या प्रत्येक लेकुरवाळीकडं टक लावून बघायची. बाईचा चेहरा तिला नीट आठवत नव्हता. खिडकीतून तिनं बाटल्याच जास्त बघितल्या होत्या. गाडी निघून गेली की आम्ही बाजारात परत यायचो. असे पाच गुरुवार गेले. पाचव्या खेपेला परतताना ती म्हणाली, "लीला, पोरगी गेली आसंल तर ती बाई मला तोंड दावायला कशाला यील?" मी तिचा हात धरला, तोही तिनं सोडवून घेतला नाही, यावरून काय ते समजा.

सहाव्या गुरुवारी गाडी नुकतीच लागली होती. एक बाई डोईवर पाटी आणि कडेवर पोरगी घेऊन प्रत्येक डब्याच्या खिडकीत डोकावत येत होती. शेवटच्या डब्यापर्यंत गेली, परत फिरली, आमच्याजवळून पुढं निघाली. आक्का म्हणाली, "बाई, कुनाला हुडकती?"

बाई जागच्या जागी थांबली. आवाज ओळखला होता.

"तुमालाच की," ती म्हणाली. "ठमाबाई म्हनत्यात मला. वालचंदनगरच्या अलीकडं गाव हाय आमचं. कांद्याची काढनी व्हती, बाजारालाच येनं झालं न्हाय. आन् रेडिवर आता दुसरीच बोलती. म्हनलं, आपनच जाऊन बघावं."

आक्का पोरीकडं बघत होती. पोरगी काजळ घातलेली, हातात गुळाचा खडा, नाक वाहतं. जिवंत, चांगली गुबगुबीत.

"पाजली न्हवतीस ना?" आक्कानं विचारलं. आवाज तिचा नव्हताच तो.

"न्हाय पाजली. पर लई खटपट झाली बघा त्या दिशी. चावडीवर समदे म्हनले, ह्ये नाटकातलंच हाय, आता फुडं गंमत यील. मालक म्हनला, यवढी शिकलेली डॉक्टरीन, तिला वाचता येत न्हाय व्हय? खुळी का काय तू? पाज म्हनला. बूच काढून चमचा भरला बी त्यानं."

"मग?"

"म्या चमचा वतून दिला. म्हनलं, पाच वर्सं आईकतीया मी तिला. पटकी आली, साप चावला, बाई आडली, कशाकशाला डॉक्टरीन भ्याली न्हाय. आन् आज ती भ्यालीया. आवाजावरनं कळत न्हाय का? म्हनलं, ह्यी आजची बाई खरी हाय."

आक्कानं पोरीला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. पोरीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि आईच्या मानेत तोंड लपवलं. ठमाबाई तिला समजावू लागली, अगं जा की, डॉक्टरीनबाई हायेत, जा. पोरगी हलेना.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "बराबर करतीया ती."